शनिवारी पोळी, रविवारी काय?

मी एक जुना पितळी डबा आहे, मित्रांनो, आणि कालपासून माझं झाकण जागेवर राहीना झालंय! काल ईस्टरचा रविवार झाला. आमच्या चर्चमध्ये जे घडलं ते मी या दोन डोळ्यांनी... बरं, डोळे मला नाहीत, पण झाकण उघडं होतं आणि मी टेबलावर अगदी पुढं होतो. इतकी वर्षं तोंड मिटून बसलो, आज मात्र बोलणार. मधे कुणी थांबवू नका.

माझा जन्म सोलापुरातल्याच एका तांबटाच्या दुकानात झाला. ठोकून ठोकून त्यानं मला गोल केलं, आतून कल्हई दिली, आणि मथुराबाईंच्या लग्नात मी त्यांच्या माहेरून सासरी आलो. त्यांचे मालक एसटीत कंडक्टर होते. त्यांच्याबरोबर मी दुधनी पाहिली, अकलूज पाहिलं. नातेपुत्याच्या स्टँडवर तर एकदा विसरून राहिलो, तेव्हा दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं मला घरी पोचवलं. मालक वारले आणि माझं काम संपलं. घरात स्टीलचे डबे आले होते. मला माळ्यावर टाकलं. तीन वर्षं मी जुन्या चादरींच्या गठ्ठ्याखाली काळा पडून होतो. लई वाईट दिवस काढले.

मग एके दिवशी मथुराबाई शिडी लावून वर आल्या. चर्चच्या प्रभुभोजनाची भाकर करायचं काम त्यांच्याकडं आलं होतं आणि ती न्यायला त्यांना चांगला डबा हवा होता. मला चिंचेनं घासलं, नवी कल्हई केली. आरशासारखा लखलखलो की मी!

प्रभुभोजन म्हणजे काय, ते आधी सांगतो. येशूनं मरणाच्या आदल्या दिवशी शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडली आणि म्हणाला, हे माझं शरीर आहे, माझ्या आठवणीसाठी हे करत जा. म्हणून आमच्याकडं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, भाकर मोडतात आणि ताटलीतून एकेक तुकडा सगळ्यांना देतात. तिला भाकर म्हणायचं, पण ती गव्हाची पोळी असते. मीठ नाही, तेल नाही. आदल्या शनिवारी दुपारी मथुराबाई ती करायच्या, आणि पीठ मळताना घरात कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. मग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून ती माझ्या पोटात ठेवायच्या. बाहेरगावचे पाहुणे आले की विचारायचे, हा सुंदर डबा कुणाचा? मी तेव्हा जरा जास्तच चमकायचो, खोटं कशाला सांगू.

पोळी झाली की चहाला चनमल्लप्पा मास्तर यायचे. हे मथुराबाईंचे धाकटे दीर, शाळेतून निवृत्त झालेले आणि आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी एक. यांच्या आजोबांनी दुधनीला बाप्तिस्मा घेतला, पण घरातली जुनी नावं काही सोडली नाहीत. आमचं चर्च प्रोटेस्टंट, आणि मथुराबाईंचं माहेर रोमन कॅथलिक. झालं! चहाचा कप हातात आला की दोघांचं सुरू. मथुराबाई म्हणायच्या, येशूनं शरीर म्हटलं, म्हणजे ते शरीरच; शरीरासारखं हाय असं तो म्हणाला न्हाय. मास्तर म्हणायचे, अहो वहिनी, मी दार आहे असंही तो म्हणाला, मग काय त्याला बिजागऱ्या होत्या? भाकर ही खूण आहे, आठवणीची खूण. बाई म्हणायच्या, तुमी शाळेत पोरांना शिकवा, मला नका शिकवू. मास्तर मग माझ्या झाकणावर टकटक करायचे. या डब्याला विचारा की, शनिवारी यात काय ठेवलं आणि रविवारी काय निघालं!

मला विचाराल तर, मित्रांनो, मी लई लक्ष देऊन पाहिलंय. शनिवारची पोळी आणि रविवारची पोळी, वास तोच, वजन तेच. पण ती उचलणारे हात तेच राहात नाहीत, हेही मी पाहिलंय. मोठमोठ्यानं हसणारे गडी त्या तुकड्यापुढं एकदम हळू होतात. आता हे कसं मोजायचं? मी तर डबा. त्या दोघांचं भांडण मला इतकं आवडायचं, की शनिवार कधी येतो असं मला व्हायचं.

मागच्या पावसाळ्यात मथुराबाई वाळत चालल्या. पोट बिघडायचं, अंगात ताकद राहीना. सून राजेश्वरी त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, गव्हातला चीक यांच्या आतड्याला सोसत नाही. गहू बंद, अगदी कणभरसुद्धा नाही. घरी आल्या आल्या मथुराबाईंनी सुनेकडून शपथ घेतली, की हे चर्चमध्ये कुणाला कळता कामा नये. कळलं तर पीठ मळायचं काम दुसऱ्या बाईकडं जाईल. मालक गेल्यावर ज्या कामानं त्यांना उभं केलं, तेच जाईल. तोंडाला फडकं बांधून त्या पोळ्या लाटत राहिल्या आणि स्वतः ज्वारीची भाकरी खात राहिल्या.

पण रविवारी काय करणार? ताटली समोर आली, की त्या ती तशीच शेजारणीकडं सारायच्या. मान खाली. पहिल्या महिन्यात कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या महिन्यात आलं. आता आमच्या चर्चमधली रीत ऐका. कुणाबद्दल मनात अढी असेल तर प्रभुभोजन घेऊ नये, आधी जाऊन समेट करावा. म्हणजे ताटली पुढं सारली, की लोक ओळखतात, या माणसाचं कुणाशी तरी बिनसलंय. आणि मथुराबाईंचं वाजतं कुणाशी, हे अख्ख्या चर्चला ठाऊक! बायका कुजबुजल्या, दिराशी फाटलं बरं का. ते फिरत फिरत मास्तरांच्या कानावर गेलं. त्यांनाही ते पटलं. माझ्या बोलण्यानं वहिनी दुखावल्या, असं धरून ते शनिवारच्या चहाला यायचे बंद झाले. इकडं बाईंना वाटलं, आपण ताटली सारतो म्हणून भावजी रागावले.

सात महिने, मित्रांनो! मी आतून ओरडत होतो. अरे, विचारा की एकमेकांना! पण डब्याचं कोण ऐकतं?

परवाच्या शनिवारी मास्तर आले. चहाची वेळ नव्हती, सकाळच होती. दारातच उभे राहिले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, "वहिनी, माझं काही चुकलं असेल तर माफ करा. पण उद्या ईस्टर आहे. उद्या तरी ताटली पुढं सारू नका."

मथुराबाई दुपारच्या पोळीसाठी परातीत कणीक चाळत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "उद्या मी घेणार हाय, भावजी. काय व्हायचं ते हुईल."

तेव्हा राजेश्वरीला राहवलं नाही. शपथ मोडून तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, गहू, आतडं, सगळं. मास्तर ऐकत ऐकत खाली बसले. त्यांचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. ज्वारीची भाकर करू, असं ते म्हणाले, तर बाई भडकल्याच. जन्मभर गव्हाची मोडली, आता एकटीसाठी बदलायची? आणि प्रभूचं शरीर खाऊन कुणी मेलंय का?

"शरीर असेल, वहिनी," मास्तर म्हणाले. "पण त्यातनं गहू गेलेला नाही."

मी थक्क! या माणसानं कधी 'असेल' म्हटलं नव्हतं. मास्तर पुढं म्हणाले, "माझ्या म्हणण्याप्रमाणं ती खूण आहे, आणि खुणेला ज्वारी चालते. तुमच्या म्हणण्याप्रमाणं तो स्वतः येतो. मग तो काय गव्हापाशी अडून बसेल?"

मथुराबाईंनी परात बाजूला सारली आणि पदर डोळ्यांना लावला. रडू द्या त्यांना, असं मीच मनात म्हटलं.

मग जी धावपळ उडाली! मास्तर स्कूटरवरून पाळकांकडं गेले. पाळकांनी दुपारी पंचांची बैठक घेतली. तिथं लई गरम चर्चा झाली, असं मास्तरांनीच येऊन सांगितलं. पणजोबांपासून गहू चालत आलाय, असं काही जण म्हणाले. बाईंना तेवढी वेगळी भाकर द्या, असंही कुणी सुचवलं. पण पाळकांनी ठरवलं, की सगळ्यांना एकाच भाकरीतून द्यायचं, म्हणून यंदा सगळ्यांची ज्वारीची. एक संगमेश नावाचे गृहस्थ मात्र उठून गेले. ते काही मानेनात.

गिरणीत ज्वारी आधीच्या गव्हाच्या दळणावर पडली तर सगळंच मुसळ केरात! म्हणून मास्तर स्वतः गिरणीवर गेले, जातं झाडून घेतलं, पहिली किलोभर ज्वारी दळून बाजूला काढली आणि मगच आपलं दळण घातलं. राजेश्वरीनं मला तीनदा घासून उकळत्या पाण्यानं धुतलं. नवी परात आली, नवा तवा आला. संध्याकाळी मथुराबाईंनी भाकर थापली. थाप थाप थाप, त्या आवाजानं माझ्या पोटात नुसत्या गुदगुल्या होत होत्या.

आणि काल! पाळकांनी माझं झाकण काढलं, भाकर उंच धरली आणि मोडली. कडक भाकरीचा तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. खमंग वास सुटला आणि चर्च एकदम घरासारखं वाटायला लागलं. पंच म्हणून ताटली फिरवायला मास्तर होते. मथुराबाई पहिल्याच बाकावर. मास्तर त्यांच्यापुढं थांबले आणि म्हणाले, "ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी मोडलेलं." बाईंनी तुकडा उचलला. सात महिन्यांनी. तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले.

ज्वारी ती! भुगा व्हायचाच. एक कण ताटलीतून खाली फरशीवर पडला. मास्तरांचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही त्यांना. तरी त्यांनी ताटली बाकावर ठेवली, एक हात टेकला आणि हळूहळू खाली बसले.

मथुराबाई पुटपुटल्या, "राहू द्या भावजी, खूणच हाय की."

मास्तरांनी बोटाच्या टोकानं तो कण टिपला आणि तोंडात घातला. उठायला बाईंनीच त्यांना हात दिला.

संगमेश कालच्या उपासनेला आले होते. ताटली त्यांच्यापुढं आली तेव्हा त्यांनी ती पुढं सारली. मंडळी लगेच आपापले अर्थ काढायला लागली. म्हणून मित्रांनो, या जुन्या डब्याची तुम्हाला कळकळीची विनवणी आहे. समोरचं ताट कुणी नाकारलं, तर तो रागावलाय की आजारी आहे की खरंच त्याचं मन मानत नाही, हे तुम्ही घरी बसून ठरवू नका. त्याच्याकडं जा आणि विचारा. सात महिने लई मोठे असतात. बघा, मास्तर चपला घालतायत, मथुराबाईंनी माझ्यात गरम भाकरी आणि शेंगाचटणी भरलीये. आम्ही तिघं आत्ताच संगमेशांकडं निघालोय.