एक चाल, दोन गाणी

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, लग्नाच्या मांडवावर किंवा कडुनिंबाच्या फांदीला दोरीने बांधलेला, मोठ्या तोंडाचा ॲल्युमिनियमचा लाऊडस्पीकर तुम्ही पाहिला असेल. त्यांच्यापैकीच मी एक. सध्या धनजच्या समाजमंदिरात माळ्यावर पडून आहे. कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचे घर बांधले आहे. तरी मला माझी गोष्ट सांगायचीच आहे, कारण ती माझ्या एकट्याची नाही. तिच्यात एक बाई आहे आणि एक गाणे आहे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्रा यंत्रावर फिरवत फिरवत कारागिरांनी मला आकार दिला, मागे आवाजाचे युनिट बसवले आणि पेंढ्यात गुंडाळून रेल्वेने रवाना केले. १९७१ साली मी कारंजा लाडच्या बाजारपेठेत शिखरचंद शेठच्या दुकानात येऊन पोहोचलो. तेथे रेडिओ होते, ग्रामोफोन होते, आणि गाण्यांच्या रेकॉर्डींनी भिंत भरलेली होती. शेठ सकाळी मंदिरातून आले की आधी एक रेकॉर्ड लावीत आणि मगच गादीवर बसत. गाण्याचे त्यांना वेड होते.

तेथून मला धनजचे उकंडराव घेऊन गेले. ते कारंजाच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होते. सरकीच्या धुळीने त्यांना खोकला जडला, तेव्हा त्यांनी ते काम सोडले आणि लाऊडस्पीकरचा धंदा काढला. मी, एक ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, एक माईक आणि रेकॉर्डींची पेटी एवढा आमचा संसार. उकंडरावांनी माझ्या अंगावर निळ्या रंगाने ‘पंचशील लाऊडस्पीकर, धनज’ असे लिहिले. अक्षरे थोडी वाकडी आली, पण मला ती फार आवडली.

ते माझे सुखाचे दिवस होते. वीज नसलेल्या गावात उकंडराव मोटारीच्या बॅटरीवर मला चालवीत. मी वाजू लागलो की पोरे धावत येत, बाया पाण्याचे हंडे डोक्यावर घेऊन थबकत. त्या वर्षी एका सिनेमातले गाणे सगळ्यांच्या तोंडी होते. फटफटीवर मागे बसलेली मुलगी आपल्या प्रियकराला वेगाने चालव म्हणते, असे ते गाणे. त्याच्या धृपदात ‘रिंपा रिंपा रा, रिंपा रिंपा रा’ असे येई. त्या शब्दांना काही अर्थ नव्हता. पण एकदा कानात शिरले की दिवसभर निघत नसे. लोक एकाच लग्नात ते पुन्हा पुन्हा लावायला सांगत.

उकंडरावांची बायको भागिरथाबाई चुलीपुढे बसून तेच गाणे म्हणे. शेतात निंदायला गेली तरी तेच. मित्रांनो, तिचा आवाज भरदार होता, थोडा खरबरीत. मला तो आवडे. पण माझ्यातून गाण्याचा मान तिला कोण देणार?

तो प्रसंग १९७४ च्या मे महिन्यात आला, आणि वाईट रीतीने आला.

शेजारच्या गावी लग्न होते. भागिरथाबाई नवरीच्या नात्यातली, म्हणून तीही आमच्याबरोबर बैलबंडीत होती. वाटेत बंडीच्या चाकाचा आस मोडला. दुसरी बंडी आणायला उकंडराव चालत गेले. आजूबाजूला सावलीचे झाड नव्हते. ऊन असे की माझ्या पत्र्याला हात लावता येईना. आम्ही मांडवात पोहोचलो, उकंडरावांनी पेटी उघडली, आणि त्यांचा चेहरा पडला. साऱ्या रेकॉर्डी उन्हाने वाकून पापडासारख्या झाल्या होत्या. सुई ठेवली की ती घसरून पडे.

नवरदेवाचा मामा रामकिसन तावातावाने आला. “गाने काहून बंद हायत? वरात दारात आली ना!”

उकंडराव पुन्हा सुई ठेवून पाहू लागले. तेव्हा भागिरथाबाईने पदर खोचला आणि माईक उचलला.

“गानं पाह्यजे ना? मी म्हनतो,” ती म्हणाली.

तिने तेच फटफटीचे गाणे धरले. सिनेमातल्या गायिकेसारखा बारीक आवाज काढू लागली. दोन ओळी बऱ्या गेल्या. मग उंच सूर आला आणि तिचा गळा चिरकला. गडबडीत ती माईक घेऊन माझ्यासमोर आली, तशी मी कानठळ्या बसवणारी शिटी मारली. मी मुद्दाम मारली नाही, मित्रांनो. माईक भोंग्यासमोर आला की असे होतेच. पण मांडव खो खो हसला.

“अवो बाई, ढोरं बुजतीन!” रामकिसन ओरडला. “आमी रेकॉर्ड सांगतली होती, नक्कल नाई!”

भागिरथाबाईने माईक खाली ठेवला. ती रडली नाही. त्या दिवशी परत येताना ती बंडीत माझ्या शेजारी बसली होती. तिचा हात माझ्या तोंडाच्या काठावर घट्ट दाबलेला होता.

ही गोष्ट गावोगाव पसरली. पंचशीलवाल्याची बायको मधेच गाते, असे लोक हसून सांगू लागले. बोलावणी कमी झाली. “हा धंदाच इकून टाकतो,” उकंडराव म्हणाले, “सामान शेठले वापस देतो.”

“देजा,” भागिरथाबाई म्हणाली. “पन त्याच्या आंधी मले एक डाव शेठच्या दुकानात न्या. मले त्याईले एक इचारायचं हाय.”

त्या लग्नाच्या मांडवात मला एक पोचा आला होता. तो काढण्याच्या निमित्ताने उकंडराव मलाही कारंजाला घेऊन गेले. म्हणून पुढचे सगळे मी दुकानाच्या लाकडी फळीवरून ऐकले.

“शेठजी,” तिने सरळच विचारले, “दुसऱ्याचं गानं आपुन म्हटलं त ते खोटं असते काय?”

शिखरचंद शेठना असा प्रश्न कोणी विचारला की ते हातातले काम बाजूला ठेवीत. “हे पाह्य बाई,” ते म्हणाले, “पयली ते पयली. ज्या गळ्यातून चाल पयल्यांदा निंगाली, त्याचाच तिच्यावर हक्क. बाकी सब नक्कल.”

“मंग सूरजबाईनं केलेलं वरन तुमच्या मायच्या वरनाची नक्कल हाय?”

“वरन येगळं अन् गानं येगळं.”

आत सूरजबाई गहू निवडत होत्या. त्या शेठच्या पत्नी. त्यांनी तेथूनच आवाज दिला. “हो का? अन् मागच्या चौमासात मंदिरात तुमी जे भजन म्हटलं, त्याची चाल कोठची होती? सिनेमाचीच होती ना? तवा त डोये मिटून डोलत होते!”

शेठ खळखळून हसले. ते हसले, पण हटले नाहीत. त्यांनी फटफटीच्या गाण्याची रेकॉर्ड काढली आणि लावली. “ऐका नीट. ही पोरगी बारीक गळ्याची. ती जशी उडी मारते, तशी तुमी माराले गेल्या त तीच जिंकनार. लोक काहून तुमचं ऐकतीन? तिच्यापाशी नाई असं काय हाय तुमच्यापाशी, ते दाखवा. नाई दाखवता येत, त रेकॉर्ड लावा अन् चूप बसा.”

भागिरथाबाईला ते झोंबले. “दाखवीन,” ती म्हणाली. तिने ती रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली, आणि परत एकदा. शेवटी शेठनी ती तिच्या हातातच दिली. “घेऊन जा. पन वाकवू नोका.”

धंदा विकायचे उकंडरावांनी तूर्त थांबवले. “बाबासाहेबांच्या पुढच्या जयंतीपरेंत पाहू,” ते म्हणाले.

मित्रांनो, मग मी जे पाहिले ते मेहनतीशिवाय दुसरे काही नव्हते. स्वयंपाक आटोपला की ती मला उलटे धरून माझ्या तोंडात गाई, म्हणजे तिचा आवाज तिलाच परत ऐकू येई. आधी ती अजूनही त्या बारीक आवाजाच्या मागे धावत होती. चिरके, थांबे, पुन्हा सुरू करी. उकंडराव म्हणत, “काहून जीव काढून राह्यली?” ती पुन्हा पहिली ओळ धरी. एक दिवस तिने सूर खाली आणला, आपल्या स्वतःच्या बोलण्याच्या जागेवर. गाणे एकदम रुंद झाले. मी रिकामा भोंगा, तरी आतून थरथरलो.

शब्द मात्र अजून फटफटीचेच होते. ते कापूस वेचणीच्या दिवसांत बदलले, हे मी तिच्याच तोंडून ऐकले. त्या वर्षी तिची मुलगी पाचवीत गेली होती. शेतमालकाने विचारले, पोरीला वेचायला का आणत नाही? तिची पात कोण वेचणार? वेचणाऱ्या प्रत्येकीच्या वाट्याला जी ओळ येते, तिला पात म्हणतात. भागिरथाबाईने मुलीला शाळेतून काढले नाही. आपली पात संपवून ती मुलीच्या नावाची पातही वेचू लागली. शेजारच्या बायाही त्या पातीला हात लावू लागल्या. ‘रिंपा रिंपा’च्या ठेक्यावर हात चालत होते, आणि तेथेच तिच्या तोंडून निघाले,

“येचा येचा गं, फुटलं बोंड येचा,
लेक माही शायेत गेली, तिची पात बी येचा!”

संध्याकाळी घरी येऊन तिने ते माझ्या तोंडात म्हटले. उकंडराव भाकर मोडता मोडता थांबले. “पुना म्हन,” एवढेच ते म्हणाले.

पुढच्या एप्रिलात आमच्याच वऱ्हाडातल्या मालेगावला बाबासाहेबांच्या जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. भागिरथाबाई स्वतः एसटीने मालेगावला गेली आणि कार्यक्रमाचे प्रमुख इंद्रभान गुरुजींना भेटली. बाहेरून नामवंत गायन पार्टी येणार होती. गुरुजींनी तिला मधला थोडा वेळ देऊ केला, पाहुणे चहा घेतील तेवढा. “चालन,” ती म्हणाली. लाऊडस्पीकरचे काम उकंडरावांना मिळाले, म्हणून मलाही जाता आले.

दिवस कलत होता. मला खांबावर उंच बांधले होते. समोर मैदान माणसांनी भरलेले. पहिल्या पार्टीची गाणी संपली, लोक चहाला उठू लागले. भागिरथाबाई मंचावर चढली आणि नवऱ्याला म्हणाली, “आंधी असली लावा.”

उकंडराव दचकले. “काय म्हनते? रेकॉर्ड? लोक लगेच पारख करतीन ना!”

“करू द्या. म्हनूनच लावा.”

त्यांनी शेठची रेकॉर्ड लावली. मी ती जीव ओतून वाजवली, कारण ते गाणे मला खरोखर आवडते. उठलेली माणसे पुन्हा बसली. पोरे नाचू लागली. गर्दीत मला रामकिसन दिसला. तोही मान हलवत होता. रेकॉर्ड संपली आणि भागिरथाबाईने माईक घेतला. या वेळी ती माझ्यापासून दूर उभी राहिली.

तिने पहिली ओळ खालच्या सुरात सोडली. “हे तेच गानं हाय ना?” कोणीतरी मोठ्याने म्हणाले. कोणी हसलेही. “रेकॉर्डच बरी होती!” एक आवाज आला. ती थांबली नाही. ‘तिची पात बी येचा’ ही ओळ आली, आणि मैदानाच्या डावीकडे, जेथे बाया बसल्या होत्या, तेथली कुजबुज बंद झाली. दुसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा एका म्हातारीने टाळी धरली. तिसऱ्यांदा सगळ्या बाया म्हणू लागल्या. मग पुरुष. माझ्यातून एकटीचा आवाज जात होता आणि समोरून शेकडोंचा परत येत होता. इतक्या वर्षांत मी नेहमी लोकांना ऐकवले होते. लोकांनी मला ऐकवण्याची ती पहिलीच वेळ.

चहा थंड झाला. इंद्रभान गुरुजींनी तिला आणखी गायला सांगितले. खाली उतरल्यावर रामकिसन समोर आला. “बाई, आमच्या पोरीचं लगन हाय औंदा,” तो म्हणाला. “गान्याले तुमीच या.”

“रेकॉर्ड आनू का?” तिने विचारले.

रामकिसन ओशाळला. “दोनी आना,” तो म्हणाला.

रेकॉर्ड परत करायला आम्ही कारंजाला गेलो, तेव्हा शेठच्या कानावर सारे आले होते. त्यांनी तिला दुकानातच गायला लावले, डोळे मिटून ऐकले, आणि म्हणाले, “धुरपद तुमचं भारी. पन अंतरा अजून तिचाच चांगला.” मग त्यावर अर्धा दिवस वाद झाला. असे वाद पुढे कितीतरी वर्षे चालले. कोणतेही नवे गाणे आले की भागिरथाबाई ते घेऊन कारंजाला जाई. सूरजबाई चहा करीत, शेठ नाक मुरडीत, आणि ती परत येऊन अंतऱ्यावर पुन्हा मेहनत घेई.

१९७९ साली एका दुपारी धनजच्या पारावर रेडिओ लागला होता. त्यावर फटफटीचे ते जुने गाणे आले. तेथे खेळणाऱ्या एका चिमुकल्या मुलीने कान टवकारले आणि ती वैतागून म्हणाली, “हे आपल्या भागिरथामायचं गानं कोन म्हनून राह्यली? अन् सारे शब्द चुकवून राह्यली!”

पारावरचे सगळे हसले. भागिरथाबाईला हसू आवरेना. मग तिने त्या मुलीला मांडीवर घेतले आणि सांगितले, “चुकवत नाई वो बाई. तिनं माह्या आंधी म्हटलं. ऐक, किती मस्त म्हनते ते.” आणि दोघींनी ते गाणे शेवटपर्यंत ऐकले.

मित्रांनो, आता मला आवाज नाही. माझ्या आतला पडदा फाटला आहे. नवे चौकोनी स्पीकर आले, मला माळ्यावर ठेवले गेले. माझी तक्रार नाही, पण एक विनंती आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मला खाली उतरवा. कुंभारमाशीची पिल्ले उडून गेली असतील तर माझे तोंड हलक्या हाताने स्वच्छ करा. पडदा बदलला की मी अजून चांगला वाजेन. मग तुम्हाला आवडेल ते लावा, नवे लावा, जुने लावा. आणि ते संपल्यावर मैदानातून कोणी लाजत लाजत पुढे आले, तर त्याच्या हातात माईक द्या. त्याचा सूर पहिल्यांदा चिरकेल. तरी माईक काढून घेऊ नका.