चौदा हजार शंभरचा ओटा

घरात काम काढलंत तर भरवसा कोणावर ठेवाल? टेप उघडायच्या आधीच किंमत सांगणाऱ्या मिस्तरीवर? पाच मिनिटांत भिंत पाडून सहाव्या मिनिटाला रंग वाळलेला दाखवणाऱ्या मोबाईलच्या व्हिडिओवर? की आपल्या घरच्या माणसांवर? तुमचं उत्तर काय असेल ते असो. मी तिन्ही जवळून पाहिलेत, आणि तिघांनीही माझ्या अंगात खिळे ठोकलेत.

मी गल्ला बोलतोय. दुकानाची पायरी चढली की समोर जे लाकडी टेबल दिसतं, ज्याच्या खणात पैसे जातात, तोच मी. हल्ली माझ्यावर पैसे पडत नाहीत, वरण उतू जातं. हा बदल कसा झाला ते सांगतो. घाईत नसाल तर बसा.

माझं लाकूड धडगावकडचं, सातपुड्यातला साग. नंदुरबारच्या एका सुताराने मला चार पाय, दोन खण आणि पाठीवर नाणी टाकायला एक चीर दिली. भाईदास शेठच्या किराणा दुकानात मी चाळीस वर्षं उभा होतो. शेठ चौथीच्या पुढे शिकले नाहीत आणि मी तर शाळेचं दारही पाहिलं नाही, पण पायरी चढणारं गिऱ्हाईक काय नेणार हे आम्हा दोघांना आधी कळायचं. बदामाचा भाव विचारणारा शेंगदाणे नेतो. घडी न उलगडता नोट पुढे करतो, त्याची नोट मधोमध फाटलेली असते.

सगळेच तसे नव्हते. वर डोंगरातल्या मोलगीचा दिवाल्या नावाचा म्हातारा एकदा खास जीपने खाली आला. मागच्या आठवड्यात त्याला वीस रुपये जास्त परत गेले होते, ते द्यायला. शेठ म्हणाले, "अहो, दीडशे रुपये भाडं घालून वीस द्यायला आलात?" तो म्हणाला, "वीस तुमचे होते. दीडशे माझे." शेठनी त्या दिवशी त्याला चहा पाजला.

पुढे शेठचा मुलगा भाग्येश दुकानात बसू लागला. त्याने काचेचं काउंटर आणलं आणि 'टुक' करून भाव वाचणारं यंत्र आणलं. मला गोदामात तूरडाळीच्या पोत्यांपाशी जागा मिळाली. तिथे एक मांजर होती. तिने माझ्या खणात दोनदा पिल्लं घातली. धंद्यात मंदी असते, तशी ती वर्षं गेली.

मग आले चुनीलाल नाना.

नाना शहादा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावचे. केळी, कापूस, थोडा ऊस. घर जुनं, धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. मागे स्वयंपाकघर. तिथली चूल जाऊन गॅस आला होता, पण तोही जमिनीवरच. नानांच्या पत्नी जसोदाबाई जन्मभर त्याच्यापुढे बसून स्वयंपाक करत आल्या. यंदा गुडघ्यांनी नकार दिला. एकदा बसल्या की उठवायला दोन माणसं लागत, आणि उठवायला आलेली माणसं आधी गरम भाकरी खाऊन घेत. डॉक्टरांनी खाली बसणं बंद केलं.

लेक मयूरी सुरतेला राहते, तिच्या फ्लॅटात उभ्याचा ओटा आहे. तिने फोनवर अखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, मुदत घालून निकाल दिला. "अखाजीपावत ओटा व्हयना नही, ते मी मायले सुरतले लई जास."

जसोदाबाई म्हणाल्या, "लई जाय." एवढंच. नानांनी त्या रात्री एक भाकरी कमी खाल्ली. नानांच्या बाबतीत हे मोठं भाषण समजावं.

शहाद्याहून एक किचनवाला बोलावला. त्याने टॅबवर चमचमणारी चित्रं दाखवली आणि पावणेदोन लाख सांगितले. नानांनी त्याला चहा दिला, दोन केळी दिली आणि म्हणाले, "इतलामा मी बैलजोडी लिसू."

तेव्हा सून पुढे आली. भूमिका तिचं नाव. ती ब्लाउज शिवते आणि शिवता शिवता व्हिडिओ पाहते. "नाना, पंधरा हजारमा मी करी दखाडस. मिस्तरी फक्त नळपुरता. बाकी आपूनच."

"पंधरानावर एक रुपया गया ते काम बंद," नाना म्हणाले. आणि पारावर जाऊन गावभर सांगूनही आले, की आमची सून पंधरा हजारांत ओटा करते. झालं. आता आकडा जिभेवरून गावात गेला होता, मागे घ्यायची सोय उरली नाही.

गूळ घ्यायला नाना भाईदास शेठच्या दुकानात आले आणि गोदामात मी दिसलो.

"या खोकानं कितलं?"

चाळीस वर्षं लोकांनी माझ्यापुढे पैसे मोजले, आणि हा माणूस मला खोका म्हणाला. शेठनी तीन हजार सांगितले. नानांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "घूण लागेल शे." मला आयुष्यात घूण लागलेला नाही. दीड हजारांत सौदा ठरला. पिकअपमध्ये नाना मुलाला, धीरजला, म्हणाले, "घर सहाशे सांगजो."

"का बरं?"

"पंधरामाथून दीड आठेच गयं, ते तुन्ही बायको फरशी कसामा लई?"

पंधरातले दीड हजार इथेच गेले तर सुनेला फरशीला पैसे पुरणार नाहीत, ही नानांची काळजी. म्हणजे मी नव्या घरात शिरलो तो निम्म्याहून कमी किमतीचा होऊन. माणसाची किंमत कोणी कमी सांगितली तर तो भांडतो. मी लाकूड.

या घरची एक सवय मात्र मला पहिल्या दिवसापासून आवडली. पावती फाडत नाहीत. माझ्या एका खणात खर्चाची वही ठेवली, दुसऱ्यात पावत्या. गंमत अशी, की वहीत एक आकडा जायचा आणि पावतीवर दुसरा असायचा. माझ्या पाठीवर घालायला धीरजने काळा कडप्पा आणला तो एकतीसशेचा. वहीत लिहिलं अठराशे. भूमिकाने स्टीलचं सिंक आणलं एकोणतीसशेचं. लिहिलं पंधराशे. वरचे पैसे तिने ब्लाउजच्या शिलाईतून घातले, त्याने पेट्रोलच्या पैशांतून. प्रत्येकाला वाटे, चोरी आपण एकटेच करतोय, आणि तीही काम बंद पडू नये म्हणून. वही वाचणाऱ्याला वाटे, या घरासारखं स्वस्त घर तालुक्यात नाही. नाना तर वहीतले आकडे पारावरही सांगत.

काम कसं झालं म्हणता? रोज झालं. भूमिकाने मला पॉलिश पेपरने असं घासलं, की माझी भाईदास शेठच्या दुकानातली ओळख पुसली गेली. फरशा दुकानातल्या उरलेल्या पेट्यांतून आणल्या, म्हणून एका भिंतीवर सफरचंदं आहेत आणि दुसरीवर समुद्र. धीरजने व्हिडिओ बघून पंखा बसवला. धूर बाहेर फेकायचा पंखा, पण त्याने उलटा बसवला, तो बाहेरची हवा आत फेकतो. सांगितलं तर म्हणाला, "गार लागस ना? मंग?"

उंचीचं माप नानांनी स्वतः घेतलं. "धीरजनी माय, जराशी उभी ऱ्हाय."

"कसाले?"

"उंबरा तपासस."

उंबरा पायाखाली होता आणि टेप कमरेपाशी. जसोदाबाई आणखी ताठ उभ्या राहिल्या. त्या मापाप्रमाणे माझ्या पायांखाली चार इंचांचे ठोकळे बसले आणि उंची अगदी बरोबर आली.

मग नानांनी हौसेने वर एक फळी मारली, ओट्यापासून हातभर उंचीवर. व्हिडिओतल्या बाईकडे तशीच होती. फळी, लोखंडी कोन, वर एकसारखे बारा डबे. वहीत सातशे. पावती चोवीसशेची. आणि एका संध्याकाळी नाना पाठीला टेका असलेलं उंच स्टूल घेऊन आले. "सोसायटीवाला फेकी देत व्हतात. उचली उनू." स्टुलाच्या पायांना अजून प्लास्टिक गुंडाळलेलं होतं.

अखाजीच्या आदल्या दिवशी नानांनी वहीची बेरीज केली. चौदा हजार शंभर. नऊशे रुपये उरले म्हणून पारावर पेढे वाटले. पेढे साडेतीनशेचे होते. ते कुठेच लिहिले नाहीत.

अखाजीला मयूरी आली. सोबत एक रिकामी बॅग. तिने सफरचंदं पाहिली, समुद्र पाहिला, पंख्यापुढे उभी राहून केस सारखे केले आणि म्हणाली, "माय, हाऊ ओटा शे का प्रदर्शन? तू पुरणपोळी करी दखाड. जमनं ते ऱ्हाय. नही ते उद्या सकाळनी गाडी."

खानदेशातली अखाजीची पुरणपोळी म्हणजे लाटण्याची पोळी नव्हे. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत, या कोपरावरून त्या कोपरावर झुलवत, ताटापेक्षा मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा. त्याला दोन्ही बाजूंना मोकळी जागा लागते, आणि वरही. या घराने भिंत मोजली होती, खापर मोजलं होतं, बाईसुद्धा मोजली होती. पोळी कोणी मोजली नव्हती.

जसोदाबाईंनी गोळा घेतला. उभ्या राहिल्या. गुडघे बिचारे शांत होते. पोळी झुलू लागली, मोठी झाली, आणखी मोठी झाली. नानांच्या चेहऱ्यावर नऊशे रुपये वाचल्याचं तेज होतं. तेवढ्यात उजवं कोपर वर गेलं आणि फळीवर आदळलं.

आधी मिठाचा डबा पडला. मग हळदीचा. मग मिरचीचा, आणि मिरची नंदुरबारची, यंदाची. पोळी नानांच्या खांद्यावर उपरण्यासारखी बसली. उलट्या पंख्याने मिरची घरभर पोचवली. सगळे शिंकू लागले. नाना शिंकताना पुढे वाकले, आधाराला माझा खण धरला आणि खण हातात घेऊनच खाली बसले. पावत्या उडाल्या. पंखा त्या घरभर फिरवू लागला. एक मयूरीच्या पदराला चिकटली.

जसोदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "धीरज, हाई फळी काढ."

"सातशेनी फळी शे ती," नाना खालून म्हणाले.

मयूरी पावती वाचत होती. "चोवीसशेनी शे, नाना."

मग तिने दुसरी उचलली. धीरज लगेच सिंकखालचा पाईप तपासू लागला. तिसरी वाचली, भूमिकाने पंखा बंद केला आणि तो बंद कसा झाला ते बराच वेळ पाहत राहिली. मयूरीने भुईवर बसून बेरीज मांडली. वही म्हणत होती चौदा हजार शंभर. पावत्या म्हणत होत्या वीस हजार पाचशे.

"पन हाई अकराशेनी पावती कसानी?" मयूरी म्हणाली. "वहीमा ते नहीच. उंच स्टूल, टेकावालं."

घर शिंकायचं थांबलं. जसोदाबाईंनी स्टुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. पोळी अजून त्यांच्या खांद्यावर होती.

"सोसायटीवाला फेकी देत व्हतात ना?"

"फेकी देत व्हतात," नाना म्हणाले. मग जरा विचार करून, "पावतीबी संगेच फेकी त्यासनी."

जसोदाबाई स्टुलावर टेकून बसल्या. किती तरी वेळ त्यांचे खांदे हलत होते. मयूरीला वाटलं रडतेय. रडत नव्हत्या. उठून त्यांनी धीरजकडून फळी काढवली, हात धुतले, नवा गोळा घेतला आणि पोळी झुलवायला लागल्या. या वेळी कोपराला काही लागलं नाही. पोळी खापरावर सपाट पडली, फुगली आणि वास सुटला.

"माय, बॅग?" मयूरीने विचारलं.

"भरी टाक. बारा डबा शेत, तुले लागतीन."

तर अशी माझी अखाजी झाली. मयूरी बॅग भरून गेली आणि जसोदाबाई राहिल्या. स्टूल माझ्यापाशी असतं. पंखा धीरजने सरळ केला, आता त्याला उकडतं. फळी नानांनी ओसरीत टाकली, तिच्यावर बसून ते गावाला सल्ला देतात.

पण हिशोब तिथे संपला नव्हता. आठ दिवसांनी शेजारच्या रंजनाबाई आल्या. नानांचं पारावरचं बोलणं ऐकून त्यांनी पंधरा हजार हाताशी धरून आपल्या स्वयंपाकघराची भिंत पाडली होती. पैसे संपले होते, भिंत परत उभी राहिली नव्हती, आणि त्या आठ दिवस अंगणात स्वयंपाक करत होत्या. त्यांनी साधं विचारलं, "नाना, अठराशेना कडप्पा कोठे भेटस? मी सगळा शहादा फिरी उनू."

नानांनी माझ्या खणातून वही काढली. जसोदाबाईंनी लाल पेन पुढे केलं. नानांनी एकेक आकडा खोडून खरा लिहिला. कडप्पा, सिंक, फळी, स्टूल, पेढेसुद्धा. माझ्यापुढे आले तेव्हा सहाशेवर काट मारून दीड हजार लिहिलं, जरा थांबले, आणि कडेला लिहिलं, 'घूण नही.' मग वही रंजनाबाईंना दिली, आणि भिंतीच्या विटांसाठी ट्रॅक्टर घेऊन धीरजलाही पाठवलं.

आता वही जसोदाबाईंच्या ताब्यात आहे. पाठीवर कडप्पा आल्यापासून नाण्यांची चीर बुजली, वाफेने माझे सांधे फुगतात, पावसाळ्यात खण अडकतो. तरी दुकानात असताना इतकं गरम अन्न कधी माझ्या जवळ शिजलं नव्हतं.

तुम्ही ओटा करा, मोरी करा, हवं तर सफरचंदाच्या फरशा लावा. नवऱ्यापासून चार पैसे लपवलेत तरी मी काही म्हणणार नाही, माझ्या खणात तेही ठेवता येतात. फक्त वहीत लिहाल तो आकडा खरा लिहा. तुम्ही कमी लिहिलेलं वाचून शेजारी कोणीतरी आपली भिंत पाडत असतं.