कोऱ्या रकान्याचा मान

मंडळी, खानदेशात माणूस भेटला की त्याचं नाव विचारायची घाई कुणालाच नसते. आधी विचारायचं, "कोणता गाव?" मग, "कोणाकडचे?" मग, "मामा कुठले तुमचे?" एवढं झालं की नातं निघतंच. नाही निघालं तर पुन्हा पहिल्यापासून विचारायचं.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत केळीचे वेफर्स आणि भुकटी करणाऱ्या एका कारखान्यात चुडामणनाना हे जुने कारकून. या विद्येत ते पारंगत. ती त्यांना वडिलांकडून, शिंदखेड्याच्या चिंधाआबांकडून मिळालेली. आबांची काय गोष्ट सांगावी! एकदा भर दुपारी घरात चोर शिरला. आबा ओट्यावर आडवे झाले होते. डोळेही न उघडता त्यांनी विचारलं, "कोणता गावना रे?" चोर बिचारा खानदेशीच. प्रश्न आला की उत्तर द्यायची सवय. त्याने गाव सांगितलं. "कोना पोऱ्या?" तेही सांगितलं. तिसऱ्या प्रश्नाला तो आबांच्या मावशीच्या दिराचा जावई निघाला! मग काय, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, वर गार ताक. उचललेला पितळी तांब्या आबांनी त्याला जावयाचा मान म्हणून देऊन टाकला आणि बैलगाडीतून स्टँडपर्यंत पोचवलं. खोटं वाटत असेल तर शिंदखेड्यात जाऊन विचारा. सांगणारं कुणी उरलेलं नाही, एवढीच अडचण.

ही गोष्ट सांगताना नानांचा आवाज दरवेळी भरून यायचा. "गेली ती माणसं. आता बसमध्ये शेजारी बसतात आणि मोबाइलमध्ये डोकं घालतात. गाव म्हणून विचारत नाहीत!"

अशा नानांच्या हाती एक दिवस तो कागद पडला.

कारखान्यात सुलक्षणा मॅडम नव्या भरती अधिकारी म्हणून आल्या होत्या. प्रयोगशाळेत तपासनिसाची जागा भरायची होती. त्यांनी अर्जासोबत एक वेगळा कागद ठेवला. वर ठळक अक्षरांत ‘ऐच्छिक माहिती’. खाली रकाने : स्त्री की पुरुष, समाज कोणता, काही अपंगत्व आहे का, राहणं शहरात की खेड्यात, आणि कोणत्या भागात. नाव लिहायचं नाही. घडी घालायची आणि पेटीत टाकायची.

नाना हरखले. आबांचेच प्रश्न छापून आले होते! दोनच गोष्टी त्यांना खटकल्या. एक म्हणजे नाव नाही, आणि दुसरं ते ‘ऐच्छिक’. पाहुण्याला ताट अर्धंच वाढून उठवायचं, ही कुठली रीत? नानांनी पेटी कपाटावर चढवली आणि ज्याचा कागद त्याच्या अर्जाला टाचून टाकला. जे रकाने कोरे राहिले ते आडनाव आणि गाव बघून स्वतःच्या सुरेख अक्षरात भरले.

अडलं ते एका मुलीपाशी. तिने नाव लिहिलं होतं, ‘मयुरी पुना’. बस्स.

"बाई, आडनाव राहिलं."

"राहिलं नाही, नाना. मी एवढंच लावते."

"असं का? गाव कोणता?"

"पिंपळनेर."

"पिंपळनेरमधले कोण?"

"पिंपळनेरमधली मीच."

बाकावर बसलेले बाकीचे उमेदवार खुसुखुसु हसले. नानांना घाम फुटला. उभ्या जन्मात त्यांना असं उत्तर मिळालं नव्हतं.

"अगं, हा कागद कोरा कसा घ्यायचा मी?"

"वर ऐच्छिक लिहिलंय ना?"

"ऐच्छिक म्हणजे भरायचाच, पण आनंदाने!"

या वेळी बाक खदखदून हसला. मयुरी मात्र हसली नाही. तिने कोरा कागद घडी घालून टेबलावर ठेवला, लेखी परीक्षा दिली आणि निघून गेली. नानांनी तिच्या अर्जावर ‘अपूर्ण’ असा शेरा मारला आणि तो बाजूला सरकवला.

दुसऱ्या दिवशी नाना छाती पुढे काढून मॅडमकडे गेले. "बघा मॅडम, एकही रकाना रिकामा नाही!"

सुलक्षणा मॅडमनी कपाळाला हात लावला. "नाना, हे काय केलंत? मुलाखत मी घेणार. मला हे कळूच नये म्हणून तर पेटी ठेवली होती! आणि तुम्ही लोकांच्या जाती स्वतःच्या हाताने लिहिल्यात?" त्यांनी सगळे कागद नानांच्या देखत फाडले. मग बाजूचा अर्ज उचलला. "हा का वेगळा? लेखी परीक्षेत सगळ्यांत जास्त गुण हिचेच आहेत!"

मॅडमनी लगेच फोन लावला. पलीकडून मयुरीचा शांत आवाज आला. "जिथे कामाआधी माझी जात तपासतात तिथे मला यायचं नाही, मॅडम. मुलाखतीला येणार नाही."

फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "मुलाखती सोमवारी आहेत. मुलगी तुमच्यामुळे गेली. समजूत तुम्हीच काढा."

नाना रविवारी सकाळीच बसमध्ये बसले, पण मनात धुमसत. मी मायेने विचारलं, त्यात काय गुन्हा? वाटेत धुळ्याला देवपुरात त्यांची थोरली बहीण धुरपदाअक्का राहायची. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली. घरोघर फिरून माहिती गोळा करण्यात तिची हयात गेलेली. तिच्यापुढे नानांनी सगळं गाऱ्हाणं मांडलं आणि शेवटी म्हणाले, "अक्का, आबांचा काळच बरा होता गं. विचारलं की माणूस जोडला जायचा."

अक्का भरताची वांगी भाजत होती. "तो काळ मलेबी आठवस रे भाऊ. ओटा, ताक, आबांचं हसणं. पण तू गोष्ट अर्धीच सांगतोस. तो चोर नात्यातला निघाला म्हणून जेवला. नसता निघाला तर?"

"तर... चोपला असता."

"चोराचं सोड. पाणी मागायला येणाऱ्यांनाही आबा तेच विचारायचे. आपल्यातला निघाला की ओट्यावर घोंगडी अंथरायची. नाही निघाला की पायरीवर बसवायचं. आणि काहींना तर रस्त्यातच ओंजळ धरावी लागायची, माय वरून पाणी ओतायची. प्रश्न तोच होता, चुडामण! उत्तर देणाऱ्याच्या छातीत काय धडधडत असेल, हे आपण ओट्यावर बसून कधी ऐकलं?"

ती ओंजळ नानांनीही पाहिली होती. गोष्टीत मात्र ती कधी आली नव्हती.

"मग काय, विचारूच नये?"

"इचार ना! विचारल्याशिवाय आपलं दार कुणाला लागतंय, कुणाला उघडतंय, ते कळणार कसं? मीसुद्धा घरोघर विचारत फिरले. पण सांगायचं की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवायचं. आणि निवडणाऱ्याने ते बघायचं नाही. तुन्हा हातमा दुसरानी नोकरी शे, भाऊ. खुर्चीवरून विचारलेल्या प्रश्नात माया असली तरी समोरच्याला ती दिसत नाही."

पिंपळनेरला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. घर गावाबाहेर, शेताला लागून. मयुरीचे वडील पुना दारातच बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. नाना दिसताच ते उठले, खाट टाकली, पाणी दिलं. मग आतून चहा आला. पुनाभाऊ पावसाबद्दल बोलले, भुईमुगाबद्दल बोलले. नाना वाट बघत होते. गाव, बाप, मामा, सगळी उत्तरं जिभेच्या टोकावर तयार होती. प्रश्न काही येईना!

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. "भाऊ, मी कोण, कुठला, काहीच विचारलं नाहीत?"

"उन्हातून आलात, तहान लागली होती. ते दिसलं." पुनाभाऊ हसले. "बाकीचं तुम्हाला वाटलं तर सांगाल."

नानांनी चहाचा कप खाली ठेवला. काय हे! आबांच्या ओट्यावर जे मिळवायला तीन पिढ्या सांगाव्या लागत, ते इथे एक शब्दही न सांगता मिळालं होतं!

मयुरी बाहेर आली तेव्हा नाना खाटेवरून उठून उभे राहिले. "बाई, मी पाच जणांसमोर तुला नको ते विचारलं. तुझा अर्ज अपूर्ण नव्हता. चूक माझी झाली."

मयुरी म्हणाली, "आधीच्या नोकरीत असंच विचारलं होतं, नाना. मी सांगितलं. आठवड्याभरात नमुने तपासायच्या टेबलावरून मला काचेची भांडी धुवायला बसवलं. तेव्हापासून सांगत नाही."

"आता मॅडमनी पेटीला कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडे नाही, मुलाखत घेणाऱ्या मॅडमकडेही नाही. मोजणी सगळ्या निवडी झाल्यावर."

"आणि तुम्हाला विचारायची हुक्की आली तर?"

"तोंडात बडीशेपेचा बकाणा भरून बसेन!"

आता ती हसली. सोमवारी ती आली. मुलाखतीत मॅडमनी केळीच्या भुकटीतल्या ओलाव्याबद्दल विचारलं, आणि नोकरी तिला ओलाव्याच्याच उत्तरांवर मिळाली.

पुढे वर्षभराच्या भरत्यांचे कागद मोजले. साक्रीच्या पश्चिमेकडच्या, पिंपळनेरच्याही पलीकडच्या डोंगरी गावांतून जवळपास कुणीच अर्ज करत नाही, हे त्या बिननावाच्या कागदांनीच दाखवलं. कारण साधं होतं : जाहिरात तिकडे पोचतच नव्हती. आता ती साक्रीच्या आठवडी बाजारातही लागते, आणि लावायला नाना स्वतः जातात.

पण ते सगळं नंतरचं. रुजू व्हायच्या दिवशी मयुरीने आपणहून ‘ऐच्छिक माहिती’चा एक कोरा कागद मागून घेतला. खिडकीपाशी उभी राहून काहीतरी लिहिलं, घडी घातली. पेटी नानांच्या टेबलाशेजारीच होती. नुसती मान उंचावली असती तरी दिसलं असतं! पण नानांनी खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. कागद पेटीत पडल्याचा आवाज आला, तेव्हाच वळले.

ती कोण, हे त्यांना आजही माहीत नाही. मंडळी, तुमच्याही मनात ते केव्हाचं घोळतंय, खरं ना? तर ही गोष्टही ते सांगणार नाही. माणसाला जरूर विचारावं, पण ‘सांगत नाही’ म्हणायची त्याची मोकळीक खरी असावी, आणि त्याने सांगितलेलं त्याच्याविरुद्ध कधी वापरलं जाऊ नये. कोरा रकाना अपूर्ण नसतो. तोही एका माणसाचं पूर्ण उत्तर असतं.