अर्गिरिसची होडी बुडत नाही

सामोस बेटावर आमच्या बंदरात माझं कॉफीचं दुकान आहे आणि त्याला लागूनच अर्गिरिसकाकांचा होड्या बांधायचा कारखाना. चाळीस वर्षांत त्यांची एकही होडी बुडाली नव्हती. प्रत्येक ओंडका ते स्वतः ठोकून, हुंगून घेत.

त्या वसंतात मात्र डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते अथेन्सला होते आणि लाकूड धाकट्या भावानं, मिल्तोसनं, आणलं. त्यातून दोन होड्या झाल्या. एक आमच्याच बंदरातल्या थ्रासोस कोळ्यानं घेतली, दुसरी कालिम्नोस बेटावरच्या कोस्मासनं.

ऑक्टोबरात एक ट्रकवाला माझ्याकडे बसला होता. बोलता बोलता म्हणाला, वसंतात इथं टाकलेलं लाकूड वणव्यात होरपळून दोन वर्षं उभ्या उभ्या वाळलेल्या झाडांचं होतं. वरून ठणठणीत, आतलं देव जाणे. मी तशीच कारखान्यात गेले.

काकांनी सगळं ऐकलं आणि मिल्तोसकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

"स्वस्तात मिळालं, दादा. अजून काही झालंय का? हिवाळ्यात दुरुस्तीच्या नावाखाली होड्या बोलावू, गुपचूप फळ्या बदलू. आज तोंड उघडलंस तर सगळं नाव मातीत जाईल."

"समुद्र हिवाळ्यापर्यंत थांबणार आहे का?" काका म्हणाले.

त्यांनी माझ्या दुकानातूनच कोस्मासला फोन लावला आणि होडी समुद्रात नेऊ नकोस, परत पाठव, असं सांगितलं. तो इतका मोठ्यानं हसला, की मला पलीकडून ऐकू आलं. दुसऱ्या कुणी जास्त पैसे देऊ केले असतील, म्हणून होडी परत मागताय, असं तो म्हणाला. पहाटे जावयाला घेऊन तो निघणारच होता. काकांनी तिथल्या बंदर कचेरीलाही कळवलं. त्यांचं उत्तर एकच, होडी तुमची आहे ना, मग कसली काळजी?

रेडिओवर उत्तरेच्या वाऱ्याचा इशारा होता. खाली धक्क्यावर थ्रासोस जाळी चढवत होता. काका त्याच्याशी बोलले. तोही हसला, म्हणाला, ऑपरेशननंतर तुम्हाला भलतंच दिसायला लागलंय.

काका वळले, कारखान्यातून कुऱ्हाड घेऊन आले आणि होडीत उतरले. थ्रासोस ओरडत धावला. दोन फळ्या शाबूत निघाल्या. तिसरीत पातं दांड्यापर्यंत रुतलं आणि ओल्या कॉफीसारखा तपकिरी भुगा बाहेर आला. थ्रासोसनं काकांचा धरलेला हात सोडला आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

काकांनी पुन्हा फोन लावला. कोस्मास उचलेना. वारा दोन दिवस घोंगावत राहिला. चौथ्या दिवशी भर समुद्रात त्याचा जावई जिवंत सापडला, माशांच्या खोक्याला बिलगलेला. कोस्मास सापडलाच नाही.

कोस्माससाठी चाळीसाव्या दिवशी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला काका कालिम्नोसला गेले. त्यांना एकट्याला पाठवायला नको म्हणून मीही गेले. कोस्मासच्या बायकोनं, सेवास्तीनं, दार उघडलं, आम्हाला बसवलं, कॉफी दिली.

"तुम्ही सांगितलं होतंत, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "फोन ठेवून तो म्हणाला, अर्गिरिस म्हातारा झाला, स्वतःच्याच होडीला भ्यायला लागला. फोन दुसऱ्या कुणाचा असता ना, तर त्यानं ऐकलं असतं."

काकांनी कप खाली ठेवला. परत आल्यावर त्यांनी पुन्हा हत्याराला हात लावला नाही.

मला वाटलं होतं, कारखाना बंद पडेल. पण कुऱ्हाडीची गोष्ट बेटाबेटांवर पसरली. नावासाठी स्वतःची होडी फोडणारा माणूस म्हणून लोक जास्तच येऊ लागले. पाटीवर काकांचं नाव तसंच आहे. लाकूड आता मिल्तोसच आणतो, काकांना दाखवत नाही.

काका दिवसभर माझ्या दारातल्या खुर्चीवर बसतात. कुणी कारखान्याची वाट विचारली, की उठून त्याचा हात धरतात आणि सांगतात, इथं होडी घेऊ नका. लोक हसतात. एवढा मोठा कारागीर आणि किती साधा, असं मला सांगतात, त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात आणि आत जातात.