अलॉयसला सोडावं का

हॉकीच्या सामन्यात शॉर्ट कॉर्नर मिळाला की श्यामकांत गोलसमोरच्या डीच्या कडेला एक गुडघा टेकून बसायचा आणि उजवा हात गवतावर ठेवायचा. गोलरेषेवरून चेंडू सरपटत यायचा आणि त्या हाताशी येऊन गप्प व्हायचा, रडतं पोर आईच्या मांडीवर गप्प होतं तसा. तो हात उचलतो न उचलतो तोच वरून अलॉयसची स्टिक यायची. मध्ये गव्हाची एक लोंबी मावेल एवढीच जागा. इतक्या वर्षांत ना स्टिक कधी बोटांना लागली, ना हात कधी आधी मागे सरला. गावातली पोरं म्हणायची, ही दोन माणसं नाहीतच, एकाचीच दोन अंगं आहेत.

म्युनिकजवळच्या गार्चिंगच्या बटाट्याच्या शेतांत अणुभट्टीचा अंड्यासारखा घुमट उभा राहिला, तेव्हापासून श्यामकांत तिथल्या संस्थेत होता. पुण्याहून म्युनिकला डॉक्टरेटसाठी आला, डॉक्टरेट झाली, नोकरी लागली, मग कुसुम आली आणि परतायचं राहून गेलं. हॉकी मात्र त्याने खडकीच्या लष्करी मैदानांवरून सोबत आणली होती. शेजारच्या गावातल्या छोट्या क्लबात तो पहिल्यांदा खेळायला उतरला, त्या दिवशी त्याच्याशी आपणहून बोलला तो एकच माणूस, अलॉयस. उंच, रुंद, अंगाला लाकडाच्या भुशाचा वास. गावात त्याचं सुतारकामाचं दुकान होतं. श्यामकांतची स्टिक हातात घेऊन त्याने उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला होता, "तुतीचं लाकूड. चांगलं आहे." मैत्रीला तेवढं पुरलं.

आता चौसष्टचा जानेवारी होता आणि क्लबाच्या लाकडी खोलीत शेगडीभोवती बसलेल्या माणसांत अलॉयस तेवढा नव्हता. बोलायचं त्याच्याबद्दलच होतं, म्हणून अध्यक्षांनी त्याला बोलावलं नव्हतं.

अध्यक्ष म्हणजे विमर, गुरांचे व्यापारी. शहरातल्या मोठ्या क्लबाचा निरोप त्यांनी वाचला नाही, सांगितला. मोठ्या क्लबाला यंदा देशाचं अजिंक्यपद दिसू लागलं होतं. त्यांच्याकडे सगळं होतं, कॉर्नर मारणारा नव्हता. त्यांना अलॉयस हवा होता. बदल्यात विशीच्या आतले दोन पोरगे देणार होते आणि हिवाळ्यात बुधवारी त्यांचा हॉल मुलांना वापरायला. फ्राइगाबेवर, म्हणजे खेळाडूला सोडल्याच्या कागदावर, अध्यक्ष आणि कप्तान यांच्या सह्या लागत. मुदत बुधवारी संध्याकाळी सहाची. त्यानंतर हंगाम संपेपर्यंत कुणाला कुठे जाता येणार नव्हतं.

"आल्झो, तर मग," विमर म्हणाले, "बैल चालतोय तोवर बाजारात न्यायचा. एकदा बसला की मग फक्त खाटीक येतो."

"मग मला कधी नेणार?" गोलकीपर झेपने विचारलं. झेप गावचा पोस्टमन होता, गुडघ्यांना कायम लोकरी पट्टे बांधलेले.

"तुला गेल्या वर्षीच नेला होता. कुणी दातसुद्धा बघितले नाहीत."

सगळे हसले. हसण्यात खरं बोललं गेलं होतं.

संघ म्हातारा झाला होता. तो कधी झाला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. झेपचा गुडघा वळेना, तेव्हा डावा बॅक दोन पावलं मागे उभा राहू लागला. डाव्या बॅकचा दम कमी पडू लागला, तेव्हा श्यामकांत मधून सरकून त्याची बाजू झाकू लागला. श्यामकांतला पहिल्यासारखं पळवेना, तेव्हा अलॉयस त्याच्याकडे चेंडू पायाशी आणून देऊ लागला. घरातली माणसं एकमेकांचं जसं निभावून नेतात, तसंच. निभावता निभावता सगळेच हळू झाले होते आणि सगळे मिळून हळू झाल्यामुळे कुणालाच कळलं नव्हतं. यंदा ते खालच्या गटात घसरणार नव्हते, वरच्या गटात तर जाणारच नव्हते.

"विकायचं म्हणताय तुम्ही," श्यामकांत म्हणाला.

"विकायला पैसे कोण देतंय? एक द्यायचा, दोन घ्यायचे."

"आमच्याकडे त्याला विकणंच म्हणतात."

"आमच्याकडेही," विमर शांतपणे म्हणाले. "श्याम, ऐक. दोन वर्षांनी ते अलॉयसला विचारणार नाहीत. तुला, मला आणि झेपला तर आताच कुणी विचारत नाही. आपण एकत्र म्हातारे होऊ, त्यात दु:ख नाही. पण ती समोरच्या गल्लीतली पोरं खेळायला येतात आणि आपल्याकडे बघून परत जातात."

शेवटी झेपनेच मार्ग काढला. "त्या बिचाऱ्याला विचारा तरी. बैलालाही विचारतात, वेसण ओढून का होईना."

ठरलं. कप्तान म्हणून श्यामकांतने विचारायचं. अलॉयस हो म्हणाला तर सह्या, नाही म्हणाला तर विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी संस्थेतून सुटून श्यामकांत थेट सुतारशाळेत गेला. अलॉयस एका कपाटाचं दार रंधत होता. श्यामकांतने सगळं सांगितलं, मोठा क्लब, अजिंक्यपद, दोन पोरगे, बुधवार. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण अजिंक्यपदाचं फार घाईने सांगितलं.

"जाणार?" त्याने विचारलं.

"नाही," अलॉयस म्हणाला. रंधा थांबला नाही. लाकडाची लांब कुरळी पट्टी खाली पडली.

"बरं," श्यामकांत म्हणाला, आणि त्याच्या छातीवरचा दगड उतरला. घरी येताना सायकलवर तो गुणगुणत होता.

कुसुम पोळ्या लाटत होती. त्याने कोट काढता काढता बातमी दिली.

"नाही म्हणाला. मी सांगतच होतो त्यांना."

"किती वेळा विचारलंत?"

"किती वेळा म्हणजे? एकदा. नाही म्हणाला. विषय संपला."

कुसुमने लाटणं खाली ठेवलं. "अहो, एकदाच?"

"अगं, जर्मन माणूस आहे तो. यांचं नाही म्हणजे नाही. मी सुरुवातीला काय उपाशी राहिलोय ते माहीत नाही तुला. घरमालकीण बटाटे पुढे करायची, मी आपला लाजून नको म्हणायचो, की भांडं गेलंच पुढे. पुन्हा म्हणून विचारायची नाही. तेव्हापासून शिकलो. हवं असेल तर हो म्हणायचं, आणि दुसरा नाही म्हणाला तर सोडून द्यायचं."

"ते तुम्ही शिकलात," कुसुम म्हणाली. "आणि अलॉयसभावजी कुणाच्या पंगतीला जेवून शिकले?"

श्यामकांतने तिच्याकडे पाहिलं.

दर रविवारी सामन्यानंतर अलॉयस त्यांच्याकडे जेवायचा. पहिल्या वेळी त्याने एका पोळीनंतर नको म्हटलं, तर कुसुमने दुसरी वाढली. त्याने ताटावर हात आडवा धरला, तर तिने बोटांच्या फटीतून तिसरी सरकवली आणि वर तूप. बिचारा घाबरला होता. श्यामकांतने त्याला समजावलं होतं, आमच्यात पहिलं नको मोजत नाहीत. पहिल्याच वेळी हो म्हणणं हावरटपणा दिसतो. अलॉयसने हे एखादा सांधा कसा जुळतो ते समजून घ्यावं तसं समजून घेतलं. पुढच्या रविवारपासून तो भूक असो नसो, दोनदा नको म्हणायचा आणि मग गंभीर चेहऱ्याने कुसुमकडे बघत तिसऱ्या वाढणीची वाट पाहायचा. कुसुमची आई जात्यावर ओवी म्हणायची, ती कुसुमने त्याला गमतीने ऐकवली होती, अर्थासकट:

पहिल्या वाढणीला पाहुणा नको म्हणे,
दुसऱ्या वाढणीला हात आडवा आणे,
तिसऱ्या वाढणीला वाढ गं उजव्या हाते,
मनातली भूक बाई ओठी उशिरा येते.

"जेवणाची गोष्ट वेगळी," श्यामकांत म्हणाला.

"असेल."

"त्याला जायचं असतं तर सांगितलं असतं."

"असेल," कुसुम पुन्हा म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली. "तुम्ही आता जर्मन झालात आणि त्यांना मी मराठी करून ठेवलंय. तुम्ही एकदा विचारून निघालात, ते दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत रंधा मारत बसले असतील. मला काय, तुमचे मित्र आहेत. फक्त एक सांगा, नाही ऐकून तुम्हाला बरं वाटलं ना?"

त्याने हातातला कोट खुंटीला अडकवला. बरं वाटलं होतं, आणि तेच टोचू लागलं.

मंगळवारी संस्थेत त्याचं लक्ष लागलं नाही. अलॉयसने नाही म्हटलं होतं, नाही हा शब्द पुरेसा होता. कागदावर, कायद्याने, जर्मन भाषेत तो पुरेसा होता. त्यावर पांघरूण घालून हंगामभर सुखाने खेळता आलं असतं. अलॉयस नसला तर कॉर्नरला हात कुणापुढे ठेवायचा? एकोणचाळीस वर्षांच्या माणसाने कुणा नवख्या पोराच्या स्टिकखाली बोटं द्यायची? नाही, अलॉयस गेला की श्यामकांतचं खेळणंही संपलं, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. म्हणजे त्याने अलॉयसला विचारलंच नव्हतं. स्वत:साठी भीक मागितली होती आणि अलॉयसने ती दिली होती.

त्याला आणखीही एक आठवलं. अलॉयस सतरा वर्षांचा असताना युद्धकैदी होता, फ्रान्समध्ये कोळशाच्या खाणीत. ज्या वयात पोरं पदकं मिळवतात, त्या वयात तो कोळसा उपसत होता. तो हे कधी सांगायचा नाही. झेपने सांगितलं होतं.

बुधवारी चार वाजता श्यामकांत पुन्हा सुतारशाळेत गेला. कपाट जवळजवळ पूर्ण झालं होतं, अलॉयस त्याला तेल चोळत होता.

"अजून एकदा विचारायला आलो," श्यामकांत म्हणाला. "जाणार?"

अलॉयसचा हात मंदावला. "परवा सांगितलं की."

"परवाचं परवा झालं. आज विचारतोय."

"नाही," अलॉयस म्हणाला, पण या वेळी त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "दाराला बिजागरी अजून बसवायची आहे. आणि रविवारी कुसुम काय करणार आहे?"

"आमटी. बिजागरीचं सोड. मी तिसऱ्यांदा विचारतोय, अलॉयस."

सुतारशाळेत सरसाचं भांडं बुडबुड उकळत होतं. अलॉयसने त्याच्याकडे पाहिलं. कुसुमने तिसरी पोळी हातात धरली की पाहायचा, तसंच गंभीरपणे, पण चेहऱ्यावर गंमत नव्हती.

"तू नीट विचार," तो हळू म्हणाला. "तुला काय वाटतं ते आधी सांग. मग मी सांगतो."

"मला वाटतं तू जाऊ नयेस," श्यामकांत म्हणाला. एवढं सरळ तो जर्मनमध्येच बोलू शकला, मराठीत त्याची जीभ वळली नसती. "तू गेलास की मी खेळणार नाही. पण ते माझं ओझं आहे. तुझ्या पाठीवर टाकायचं नाही. आता तू सांग."

अलॉयसने कपाटाच्या दारावरून तळहात फिरवला, लाकडाच्या रेषा मोजत असल्यासारखा.

"मला एकदा तरी तिथे खेळायचंय," तो म्हणाला, "जिथे लोक उभं राहून बघतात. एकच वर्ष. हरलो तरी चालेल." आणि मग, मोठा गुन्हा कबूल केल्यासारखा, "परवापासून झोपलो नाही."

"गाढवा, मग परवाच का नाही सांगितलंस?"

"तू एकदाच विचारून निघून गेलास. मी म्हटलं, तुला नकोय."

श्यामकांत हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले, म्हणून तो सरसाच्या भांड्याकडे बघू लागला.

"त्यांच्याकडे कॉर्नरला हात कोण देतो?" त्याने विचारलं.

"कुणी वैद्यकीचा विद्यार्थी आहे. वीस वर्षांचा. त्याला बोटं जपायची असणार." अलॉयस अडखळला. "तू मला कधीच सांगितलं नाहीस, तुला भीती कशी वाटत नाही."

"वाटायची. पहिली दोन वर्षं फार." श्यामकांतने हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "त्या पोराला सांग, तुझ्या स्टिककडे बघायचं नाही. चेंडू हाताशी आला की तुझ्या डाव्या पायाकडे बघायचं. तुझं पाऊल टेकलं की हात आपोआप उचलला जातो. स्टिककडे बघितलं की माणूस आधीच मागे सरतो. आणि तूसुद्धा पहिले काही दिवस चेंडू मारू नकोस, नुसता धाव. त्याला तुझं पाऊल ऐकू दे."

"डावा पाय," अलॉयस म्हणाला. त्याने स्वत:च्या पायाकडे पाहिलं, जणू तो आजवर दुसऱ्याच कुणाचा होता.

बाहेर उजेड उतरत चालला होता. विमरांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, कागद त्यांच्याकडे, आणि तिथून म्युनिकला तो सहाच्या आत पोचवायचा म्हणजे त्यांची गाडी लगेच निघायला हवी होती.

"चल, लवकर," अलॉयस म्हणाला. त्याने भांड्याखालचा जाळ बंद केला, तेलकट हात पँटला पुसले आणि कोट अर्धाच अंगात घालून सायकल बाहेर काढली. श्यामकांत सायकलवर बसेपर्यंत तो फाटकाबाहेर होता. गोठलेल्या रस्त्यावरून छत्तीस वर्षांचा तो दांडगा माणूस शाळा सुटलेल्या पोरासारखा पॅडल मारत निघाला, कोटाची एक बाही मागे फडफडत होती.

श्यामकांतने जोर लावला. पहिल्या वळणापर्यंत त्याने साथ दिली. मग मांड्या भरून आल्या, छाती धपापू लागली, आणि दोघांमधलं अंतर वाढत गेलं. एक हाक मारली असती तर अलॉयस थांबला असता. नेहमी थांबायचाच.

श्यामकांतने हाक मारली नाही. आपल्या चालीने पॅडल मारत तो मागून जात राहिला.