सीए नावाची बॅट

मित्रांनो, बॅट म्हणून मी जुनी आहेच, पण त्याआधी मी फळी होते आणि त्याच्याही आधी कॅनडाच्या डोंगरावरचं पाइनचं झाड, खरंच सांगते! आमच्या सालीखाली एक बारका किडा शिरतो. पूर्वी कडाक्याच्या थंडीत तो मरायचा. मग हिवाळे मऊ पडले, किडा मरेना, आणि माझ्या शेजारची झाडं उभ्याउभ्या वाळली. त्यात पाऊस नाही. मग वीज पडली काय नि कुणी शेकोटी न विझवता निघून गेलं काय, डोंगरच्या डोंगर पेटायचे.

मला त्याआधीच तोडलं. किडा दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून भट्टीत तापवलं, शिक्का मारला, माल लादायच्या लाकडी पॅलेटला ठोकलं आणि माझ्यावर मशिनं लादून थेट कतारला धाडलं!

तिथल्या अल वक्राला तेव्हा फुटबॉल वर्ल्डकपचं स्टेडियम उभं राहत होतं. तिथले सुतार अब्बासभाई, रत्नागिरीचे. त्यांच्या पोराचा, रियाजचा, दोस्त कैवल्य. त्याची आई नोकरीसाठी पुढे कॅनडाला गेलेली, कागद झाले की हा आणि बाबा जाणार होते. पोरगं नुसतं गप्प गप्प असायचं, म्हणून अब्बासभाईंनी मोडक्या पॅलेटमधून मला काढलं, तासलं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळली आणि त्याला दिलं.

कैवल्यच्या बाबांनी, नंदूकाकांनी, शिक्का वाचला. दोनच इंग्रजी अक्षरं, सी आणि ए. म्हणाले, "घ्या, आमच्या अख्ख्या खानदानात कुणी सीए झालं नाही, बॅट झाली."

झालं, तेच नाव पडलं! सगळं शहर फुटबॉलच्या तयारीत आणि आम्ही पार्किंगमध्ये क्रिकेट खेळतोय. सीए आण, सीए दे, सीएने आज काच फोडली.

एकदा व्हिडिओ कॉलवर आईने हे ऐकलं आणि ती हसतच सुटली. "अरे, सीए म्हणजे कॅनडा. देशाचा शिक्का आहे तो."

कैवल्य हसला नाही. "मग ही तुझ्याकडचीच?"

तेव्हापासून मी त्याच्या उशीशेजारी झोपायला लागले. तो मला नाकाशी धरायचा. त्याला आईचा वास हवा असायचा, मला जंगलाचा, आणि दोघांनाही यायचा सायकलच्या ट्यूबचा.

मग ऑगस्टमध्ये कॅनडात आईच्या गावाजवळचं जंगल पेटलं. गाव रिकामं करतायत एवढाच तिचा मेसेज आला आणि फोन बंद. टीव्हीवर नारिंगी आभाळ, रस्त्यावर पळणारी हरणं, जळालेली घरं दिसत होती. कैवल्य जेवेना. मला घट्ट धरून बसलेला, आणि मी त्या ज्वाळांत माझा डोंगर शोधत होते.

शेवटी फोन आला. कुठल्या तरी शाळेच्या हॉलमधून आई बोलत होती, मध्येमध्ये खोकत. भरदुपारी दिवे लावलेत, इतका धूर आहे म्हणाली. कुणाची तरी शेकोटी नीट विझली नव्हती म्हणे.

कैवल्यने विचारलं, "आता मी यायचं नाही का?"

"येशील रे राजा. जंगल पुन्हा उगवतं."

उगवतं, मित्रांनो! आमची काही फळं डिंकाने घट्ट बंद असतात, ती धगीनेच उघडतात आणि बी पडतं. पण त्या रोपांना मोठं व्हायला वेळ तर द्या! पुन्हा पुन्हा पेटलं तर बी तरी कुठून यायचं?

हिवाळ्यात सगळे वाळवंटात कॅम्पिंगला गेलो. पॅलेट फोडून शेकोटी केली होती. मला बघवत नव्हतं. निघताना कैवल्यने पाण्याचा अख्खा कॅन निखाऱ्यांवर रिकामा केला. रियाज ओरडला, "येड्या, इथं काय पेटणार, वाळू?"

"इथं नाही रे. पण मला तिथं जायचंय. सवय नको का?"

 मग रियाजने आपला उरलेला करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा, राखेत ओतला. चुर्र झालं. तेवढं गार करूनच उठत जा, मित्रांनो. कैवल्यचे कागद अजून आलेले नाहीत. त्याच्या बॅगेत मला जागा होईल का, ते मला माहीत नाही. पण तो जाईल तेव्हा तिथं जंगल असायला हवं.