माझ्या कडांआड गेलेली बोटं

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही आहे. माझ्या पडद्याचा एक कोपरा काळवंडला आहे आणि थोडा वेळ चालू राहिलो तरी अंग तापतं. फार बोलण्याचं त्राण आता नाही. पण एक गोष्ट मनात सलते, तेवढी सांगतो.

कारखान्यात मला एक सवय लावली होती. प्रक्षेपणातून येणाऱ्या चित्राच्या कडा पूर्वी वेड्यावाकड्या असत. म्हणून चित्र जरा ताणायचं आणि चारही बाजूंनी बोटभर कापून दाखवायचं. दुकानात लोक म्हणत, "काय स्वच्छ चित्र आहे!" मीही हरखून जायचो.

मला घरी आणलं ते एका सुतारांनी. ते जन्मापासून बहिरे. त्यांच्याशी सगळं घर हातांच्या खुणांनी बोलायचं. सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझी रवानगी सुतारांच्या कामाच्या खोलीत झाली. लाकडाच्या भुशाने माझं अंग माखलं. कोणी फडकंसुद्धा मारलं नाही.

साठी उलटली तसा सुतारांचा खांदा रंधा मारू देईना. अशात बहिऱ्या मुलांच्या एका शाळेला सुतारकाम शिकवणारा माणूस हवा होता. मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती. घरच्या लॅपटॉपचा पडदा फुटलेला, म्हणून लेकीने मला पुसलं, केबल जोडली आणि मी कॉम्प्युटरचा पडदा झालो. इतक्या वर्षांनी कोणाला तरी माझी गरज पडली होती.

आदल्या दिवशी तालीम झाली. शाळेच्या दुभाषी बाई खालच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत खुणा करत होत्या. सुतार टक लावून बघत होते, पण अर्ध्या खुणा त्यांना कळेनात. त्यांनी दोनदा पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला ते लाजले. तालीम संपल्यावर त्यांनी लेकीला खुणेने सांगितलं, "माझे डोळे गेले. उद्या येत नाही म्हणून कळव."

मित्रांनो, मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. डोळे कसले गेले होते! बाईंची बोटं तर मीच कापत होतो. आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

"काहीतरीच काय बाबा!" लेक बोलता बोलता हातांनी खुणाही करत होती. "सकाळी तर करवतीचे दात मोजत होतात." तिने केबल काढली, फुंकून परत लावली. कॉम्प्युटरवरून चित्राचं माप बदललं, तर अक्षरं मुंगीएवढी झाली आणि कडा कापलेल्या त्या कापलेल्याच. शेवटी वैतागून, निदान हे तरी नीट दिसतं का बघायला, तिने बाबांनी मुलाखतीसाठी कागदावर काढलेल्या कपाटाच्या चित्राचा फोटो पडदाभर लावला.

सुतार उठले. त्या कागदाच्या काठाने त्यांनी स्वतः रेघेची चौकट आखली होती. माझ्यावर तिची एकही रेघ दिसत नव्हती. त्यांनी मूळ कागद आणला, पट्टी आणली, कागद मोजला, मला मोजलं. मग लेकीच्या खांद्यावर थाप मारून हातांनी सांगितलं, "डोळे ठीक आहेत. चित्र मोठं, चौकट लहान. माप चुकलंय."

लेक रिमोट घेऊन माझ्या मेनूत शिरली. चित्राच्या आकाराच्या यादीत अगदी तळाशी 'पूर्ण चित्र' हा पर्याय होता. तो निवडताच चारही रेघा आत आल्या. हालचाल गुळगुळीत करणारी माझी करामतही तिने बंद केली, कारण तिच्यामुळे भरभर हलणारे हात पुसट दिसत होते.

"पंधरा वर्षं घरात आहे हा, आणि मेनू कोणी उघडलाच नाही!" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलाखत तासभर चालली. अंग तापलं, तरी मी तग धरला. शेवटी दुभाषी बाईंनी काही सुटलं का, असं विचारलं. सुतारांनी हात वर केले. "एक बोटसुद्धा नाही." आता ते रोज सकाळी डबा घेऊन शाळेत जातात आणि मी भुशात पडून असतो.

माझं काही नाही, मित्रांनो. जमलं तर अधूनमधून फडकं मारा. पण तुमच्या घरातलं कोणी आमच्यासारख्या यंत्रांपुढे हात टेकून, चूक आपलीच समजून उठू लागलं, तर त्याला उठू देऊ नका. आधी आम्हाला तपासा.